एकतिसावी सही

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात माझी सुटका एका वहीत अडकली होती. वही साधीच, लांबट, कापडी पाठीची, कचेरीत आवक-जावक लिहायला असते तसली. तिच्यात मी स्वतः पट्टीनं रकाने आखून एकतीस प्राध्यापकांची नावं लिहिली होती. नावापुढे विषय, त्यापुढे ‘पाठ्यक्रम संगणकावर स्वतः भरला’, मग सही, आणि शेवटी शेरा. एकतीस सह्या झाल्या की मी मोकळी, असं साहेबांनी सांगितलं होतं. तीस झाल्या होत्या.

मी तेव्हा एका कृषी विद्यापीठाच्या संगणक कक्षात सहायक होते. कायम नव्हते. सहा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा सहा महिने. नोकरी सलग दिसू नये म्हणून ही युक्ती असते. त्या एका दिवशी मी कायद्यानं बेकार असायचे, आणि नेमका त्याच दिवशी देवळालीला आमच्या घरी निरोप यायचा की जरा येऊन जा, सर्व्हर बसलाय. मी जायचे. बिनपगारी, बिनऑर्डरी. न जाऊन सांगते कुणाला? पुढची ऑर्डर त्याच साहेबांच्या, म्हणजे आमच्या कक्षप्रमुखांच्या, सहीनं निघायची. चार वर्षं होत आली होती आणि असे सात ब्रेक झाले होते.

आणि एप्रिलात रजिस्टर पोस्टानं पुण्याच्या एका सरकारी खात्याची ऑर्डर आली. संगणक सहायक, कायम. परीक्षा देऊन वर्ष उलटलं होतं, मी आशाच सोडली होती. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांनी ती ऑर्डर चष्मा लावून दोनदा वाचली आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवली. आईनं खीर केली. म्हणाली, “आता तुला एक दिस घरी बसवायची कुनाची हिंमत न्हाई.” ऑर्डरीत खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: एक महिन्याच्या आत मूळ कागदपत्रं आणि सध्याच्या कचेरीचं कार्यमुक्तीचं पत्र घेऊन हजर राहावं, नाहीतर जागेवर हक्क राहणार नाही. शेवटची तारीख एका सोमवारी येत होती.

माझी मूळ कागदपत्रं साहेबांच्या कपाटात होती. पदवी, जातीचा दाखला, त्याची पडताळणी, सगळं. चार वर्षांपूर्वी रुजू होताना “जमा करा” म्हणाले आणि मी केली. तेव्हा नोकरी मिळाल्याच्या आनंदात कुणी किडनी मागितली असती तरी दिली असती. आता मागायला गेले तर साहेब म्हणाले, “अहो देतो की. मी काय ती खाणार आहे? पण एवढं हातातलं काम पूर्ण करून जा. एकतीसच्या एकतीस सह्या आणा, त्याच दिवशी पत्र देतो, कागद देतो, वर चहा पाजतो.”

हातातलं काम म्हणजे साहेबांच्या डोक्यात भरलेलं खूळ. ते कुठल्याशा परिसंवादाला जाऊन आले होते आणि तिथं ऐकून आले होते की इथून पुढं शिकवणं संगणकावरून होणार. प्रत्येक विषयाचं एक पान असेल. कोणत्या आठवड्यात काय शिकवणार ते त्या पानावर, टिपणं पानावर, प्रश्नपेढी पानावर, विद्यार्थ्यांना सूचनाही तिथंच. पोरं आमच्या कक्षात बसून वाचतील आणि लांबची महाविद्यालयं टेलिफोनच्या लाइनवरून. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणणार नाही. एका कंपनीनं प्रणाली बसवून दिली, दोन दिवस शिकवलं आणि कंपनी गेली. मागे उरले मी.

प्राध्यापकांना शिकवायचं म्हणजे काय असतं ते शिकवल्याशिवाय कळत नाही. माणसं वाईट नव्हती. पण वीस-वीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट केली होती: उभं राहून टिपणं सांगायची आणि समोरच्यानं उतरवून घ्यायची. माझ्या शेजारी खुर्चीत बसले की दोन मिनिटं माउस चाचपायचे, मग वही उघडायचे आणि सुरू. “हां, लिहून घ्या.” शिकवायला मी बसलेली असायचे आणि उतरवूनही मीच घेत असायचे. एक सर तर ‘पूर्णविराम’ म्हणून थांबायचे आणि मी तो टाकला का ते मान वाकडी करून बघायचे. पासवर्ड दिला तर म्हणायचे, “तुमच्याकडेच असू द्या, आमच्याकडून हरवेल.” पान तयार झालं की ते कागदावर छापून हवं असायचं. कागदावर लाल पेनानं दुरुस्त्या, प्रत्येक कागदावर कोपऱ्यात सही, मग तो कागद शिपाईमामांच्या हाती परत माझ्याकडे. पोरांना पडद्यावर दिसायला हवं होतं ते सगळं फायलीत टॅग लावून नीट बसलं होतं.

मी चिडायचे. मला राग लवकर येतो आणि तोंडावर दिसतो, आई म्हणते तुझं तोंड म्हणजे उघडं पुस्तक. पण तारीख जवळ येत होती. मी हिशेब केला की यांना शिकवत बसले तर माझी दिवाळीही इथंच होणार. म्हणून मी सगळ्यांचं भरून टाकलं. सकाळी साडेनऊपासून टंकत बसायचे. मग वही पुढे करायची, “सर, इथं सही.” ‘स्वतः भरला’ या रकान्यापुढे माणसं झोकात सह्या करायची. एकानं तर तारखेखाली दोन रेघा ओढल्या. खोटं होतं, मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, इथं गाढवं तीस होती एवढंच.

एकतिसावे म्हणजे मातीचे सर. मृदाशास्त्र शिकवायचे. सगळ्यांत ज्येष्ठ, वर्षअखेरीला निवृत्त होणारे. उंच, कमी बोलणारे, पायांत कायम जाड काळे बूट. मूळचे पुणतांब्याकडचे शेतकरी घरातले. मी त्यांच्यापुढे वही ठेवली तर त्यांनी चष्मा वर करून रकाना वाचला आणि वही मिटली.

“मी भरलेलं नाही.”

“मी भरून देते सर. तुम्ही फक्त टिपणं द्या.”

“मग ते तुम्ही भरलेलं होईल. इथं ‘स्वतः’ लिहिलंय.”

“सर, बाकी तिसांचं मीच भरलंय. एकहाती. तुमचं एकतिसावं.” हे मी रागात बोलून गेले. जिभेला हाड नसतं.

“अस्सं?” एवढंच म्हणाले आणि वही माझ्याकडे सरकवली. “मी शिकायला येईन. मला आलं की सही करेन.”

आता बघा. तीस जणांच्या खोटेपणानं मी दाराशी येऊन पोचले होते आणि एका माणसाच्या खरेपणानं दार लावून धरलं होतं. कुणावर चिडायचं?

बरं, येईन म्हणाले तर यावं की नाही? पहिल्या दिवशी आले. आमच्या कक्षाच्या दाराशी पाटी होती, ‘पादत्राणे बाहेर काढावीत’. संगणकाला धूळ चालत नाही म्हणून त्या काळी सगळीकडेच हा नियम असायचा, पण आमच्या साहेबांनी त्याचं सोवळं करून टाकलं होतं. सर्व्हरला हळदकुंकू लावून नारळ फोडलेला, दाराशी चपलांची फळी, आणि कुलगुरू आले तरी अनवाणी आत. सरांनी ती पाटी वाचली, फळीवरच्या चपलांकडे बघितलं, आत बसलेल्या पोरांकडे बघितलं आणि “नंतर येतो” म्हणून वळले. दुसऱ्या दिवशी तेच. चार दिवसांनी पुन्हा तेच. मी आतून खुर्ची ओढून ठेवलेली आणि हे दारातूनच माघारी.

मग माझ्या मनात जे यायचं तेच आलं. चार वर्षांपूर्वी इथं आले तेव्हा गाव विचारून झाल्यावर लोक आडनाव विचारायचे, आणि आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न यायचा नाही. कुणी वाकडं बोललं नाही कधी, पण तो न आलेला प्रश्न मला ऐकू यायचा. मी मनाशी म्हटलं, हे आहे होय! सगळ्यांसमोर आमच्यासारखीच्या शेजारी बसून शिकायला जड जातंय. माझे कान तापले. पंधरा दिवस उरले होते.

मी वही उचलली आणि त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. तळमजल्यावरची लांब खोली, टेबलांवर मातीच्या नमुन्यांच्या कापडी पिशव्यांच्या रांगा, प्रत्येकीच्या गळ्यात नाडी. सर स्टुलावर बसले होते आणि समोर पाथर्डीकडचा एक शेतकरी पिशवी घेऊन उभा होता.

“चिठ्ठी टाकली का आत?” सर त्याला विचारत होते.

“टाकली, आन् बाहीरबी बांधली. तुमी सांगितल्यागत.”

“हां. बाहेरची भिजली, फाटली, तर आतली कामाला येते. आठ दिवसांनी या.”

शेतकरी गेला. मी वही टेबलावर आपटलीच जवळजवळ.

“सर, माझ्याकडून शिकायला कमीपणा वाटत असेल तर सरळ सांगा. तीनदा दारातून परत गेलात. माझी कायमची नोकरी जाईल तुमच्या एका सहीपायी. मी नको असेन तर दुसरं कुणी बघा, पण मला असं टांगून ठेवू नका.”

सर माझ्याकडे बघतच राहिले. माझं आडनाव, माझं तोंड, वही, सगळं त्यांनी जुळवलं असावं, कारण त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. दार उघडंच होतं, बाहेर व्हरांड्यात कुणी नव्हतं. ते वाकले, कष्टानं वाकले, आणि त्यांनी उजव्या बुटाची नाडी सोडली. बूट काढला, मोजा काढला. मोज्याच्या टोकातून कापसाचा बोळा खाली पडला. पायाला अंगठा नव्हता. शेजारचं बोटही नव्हतं.

“साखर,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. सुट्टीत काढून आलो, घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही. बूट असला की चालता येतं. काढला की लंगडतो, तोल जातो. त्या दारातून तुमच्या खुर्चीपर्यंत पोरांसमोर कसा येऊ? आणि वरती कळलं तर उरलेले महिने शेतावर जाऊ देणार नाहीत. खुर्चीत बसवतील. मातीचा माणूस खुर्चीत बसून काय करणार?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला हवी होती, मागितली नाही. आधीचा राग पुरता गेलेला नव्हता आणि आता तो करायचा कुणावर तेही कळेना. एक विचार मनात आला, तो लपवत नाही. वर जाऊन साहेबांना सांगितलं की यांच्या पायाचं असं असं आहे, तर साहेब त्यांना सूट देतील, वहीत ‘आजारपणामुळे वगळले’ असा शेरा येईल आणि मी उद्याच्या उद्या मोकळी. सर तसं काही म्हणाले नव्हते की सांगू नका. त्यांनी फक्त बोळा उचलून परत मोज्यात घातला.

मी टेबलावरची एक रिकामी पिशवी उचलली. जाड मांजरपाट, तोंडाला नाडी. माझ्या चपलेसकट पाय त्यात घातला आणि घोट्याशी नाडी ओढली. बसली.

“सर, या पिशव्या किती आहेत तुमच्याकडे?”

“गठ्ठे पडलेत,” ते म्हणाले, आणि मग माझ्या पायाकडे बघून पहिल्यांदा हसले.

साहेबांना मी दुसऱ्या दिवशी थाप मारली. म्हटलं, साहेब, चपला बाहेर काढल्या तरी पायांचा घाम आणि मोज्यांतली धूळ आत येतेच. मोठ्या ठिकाणी आता बुटांवरून पिशवी चढवायची पद्धत आहे. साहेबांना ‘मोठ्या ठिकाणी’ म्हटलं की पुढचं ऐकावं लागत नसे. दुपारपर्यंत पाटी बदलली, शिपाईमामांनी मृदाशास्त्रातून पिशव्यांचा गठ्ठा आणून फळीवर ठेवला, आणि साहेब स्वतः पहिली पिशवी चढवून आत दोन फेऱ्या मारून आले. प्राध्यापक कुरकुरले. कुणी म्हणालं, आता पायांचीच माती परीक्षा करणार की काय. पण चढवल्या सगळ्यांनी. तिसऱ्या दिवशी मातीचे सर आले, दाराशी स्टुलावर बसून दोन्ही बुटांवर पिशव्या बांधल्या आणि सगळ्यांसारखेच फताडे पाय टाकत आत येऊन माझ्या शेजारी बसले. कुणी वर मान करूनही बघितलं नाही.

आणि शिकले. देवा, काय ते शिकणं! एका बोटानं. अक्षर शोधायचं, सापडलं की एकदा माझ्याकडे बघायचं, मग दाबायचं. मी म्हणायचे, “सर, मी पटकन टंकू का एवढा परिच्छेद?” तर नुसता हात आडवा करायचे. दिवसाला दीड पान. चौथ्या दिवशी वीज गेली, बॅटरीनंही दगा दिला, आणि सकाळपासूनचं सगळं पुसलं गेलं कारण त्यांनी ते जतनच केलं नव्हतं. मला रडू यायचं बाकी होतं. ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे माती पिशवीत भरली आणि चिठ्ठी टाकली नाही. चूक माझी.” तेव्हापासून दर दोन ओळींनी जतन करायचे. फायलीला जे नाव द्यायचे तेच पानाच्या माथ्यावरही लिहायचे. म्हटलं, सर, दोनदा कशाला? म्हणाले, “एक चिठ्ठी आत, एक बाहेर.” पासवर्डही त्यांनी एकट्यांनीच स्वतःकडे ठेवला. मला सांगितला नाही.

मी दिवस मोजत होते. घरी आईनं वळकटी बांधून दारामागं उभी केली होती. पुण्यातल्या मावशीला पत्र गेलं होतं. रोज संध्याकाळी एसटीतून उतरले की आई विचारायची, “झालं का गं त्या बाबाचं?” आणि मी म्हणायचे, अजून सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम राहिलाय, अजून चार, अजून दोन. मधूनच वाटायचं त्यांच्या हातातून तो कळफलक ओढून घ्यावा. खरंच वाटायचं. एकदा स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडले आणि तोंड धुऊन परत येऊन म्हटलं, “हां सर, आता प्रश्नपेढी.”

शनिवारी दुपारी साडेबाराला त्यांचं पान पूर्ण झालं. कचेरी दीडला बंद व्हायची. शेवटची तारीख सोमवारची. सरांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं, मग स्वतः बाहेर पडून स्वतःच्या पासवर्डनं पुन्हा आत शिरून दाखवलं, एखाद्या पोरानं गणित सोडवून दाखवावं तसं. त्यांचे डोळे चमकत होते. मी वही उघडून दिली. त्यांनी शाईचं पेन काढलं, रकान्यात सही केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लागले. तिसांपैकी कुणीच तिथं काही लिहिलं नव्हतं. ते सावकाश, वळणदार लिहीत होते. लिहून झाल्यावर शाई वाळायला फुंकर घातली आणि वही माझ्याकडे फिरवली.

“चार चांगले शब्द लिहिलेत. नक्कल काढून नव्या ठिकाणी दाखवा, उपयोगी पडतील.”

मी वाचलं. ‘पाठ्यक्रम मी स्वतः भरला. सहायक बाईंनी अत्यंत चिकाटीने शिकवले. इतर तीस शिक्षकांचे पाठ्यक्रम तर त्यांनी एकटीने, स्वतःच्या हाताने भरून दिले आहेत. इतकी मेहनती व्यक्ती मी पाहिली नाही.’

मीच सांगितलं होतं त्यांना, रागाच्या भरात. हात दाखवून अवलक्षण.

“सर,” मी म्हटलं, “ही मधली ओळ खोडता का?”

“का?” त्यांनी चष्मा वर केला. “खोटं लिहिलंय का काही?”

“नाही सर.”

“मग?”

मला सांगता आलं असतं. सर, त्या तीस सह्या खोट्या आहेत आणि त्या मीच घेतल्यात. हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. पण ज्या माणसानं ‘स्वतः’ या एका शब्दापायी दहा दिवस एका बोटानं काढले, त्याच्यासमोर ते म्हणवेना. आणि दुसरं असं की कुणी माझ्याबद्दल असं काही आयुष्यात लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, “काही नाही सर.” वहीला पानांचे आकडे होते, पान फाडता येण्यासारखं नव्हतं. शिपाईमामा दारात उभे होते, “साहेब वही मागत्यात. निघायचंय त्यांना.”

साहेबांनी आधी सह्या मोजल्या. मग शेरा वाचला. मग पुन्हा वाचला.

“म्हणजे तिसांपैकी एकालाही येत नाही?”

“येईल हळूहळू, साहेब.”

“कोण शिकवेल? तुम्ही तर पुण्याला.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. ते घाबरले होते. “अहो, ही वही मी वर पाठवणार होतो. एकतीस शिक्षक तयार झाले म्हणून तोंडानं सांगून बसलोय. उद्या कुणी म्हणालं, करा बघू आमच्यासमोर, तर? सहा महिने थांबा. नीट शिकवा सगळ्यांना. मी तुमची ऑर्डर वाढवून घेतो.”

“साहेब, सोमवार शेवटचा दिवस आहे. कायम जागा आहे माझी.”

“निघतील अशा दुसऱ्या.”

“माझे दाखले द्या!” मी ओरडलेच. “माझे आहेत ते!”

“देतो ना. कुठं पळून चाललेत? सोमवारी रीतसर लेखी अर्ज करा.” आणि किल्ली खिशात टाकून ते उठले. त्यांची जीप गेल्यावर मी त्या कपाटाचं हँडल दोन्ही हातांनी ओढून बघितलं. शिपाईमामांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं मी पुण्याला गेले, झेरॉक्स प्रती घेऊन. खिडकीतला माणूस सभ्य होता. प्रती चाळल्या, म्हणाला, मूळ कुठे? कार्यमुक्तीचं पत्र? म्हटलं, चार दिवसांत आणते. त्यानं माझ्याकडे बघितलं, त्यालाही वाईट वाटलं असावं. म्हणाला, “ताई, यादीत तुमच्यामागे माणसं उभी आहेत.” मी अर्ज लिहून दिला, मुदत मागितली. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. घरी पोचले तर आई दारातच बसली होती. काय झालं ते तोंडावर दिसलंच तिला. “त्या सायबाच्या कपाटाला आग लागो!” म्हणाली, आणि आत जाऊन वळकटी सोडायला लागली.

दाखले मंगळवारी मिळाले. साहेबांनी चहाही पाजला. मला तो प्यावा लागला.

पुढचे सहा-सात महिने मी त्या तीस जणांना पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. यावेळी कुणाचं एक अक्षर टंकलं नाही, हात मांडीखाली घालून बसायचे. मातीचे सर रोज तासभर येऊन बसायचे आणि दुसऱ्यांना शिकवायचे. त्यांचं ऐकायचे सगळे. “एक चिठ्ठी आत, एक बाहेर,” हे त्यांचं वाक्य पार पशुवैद्यक शिकवणाऱ्यांपर्यंत पोचलं. डिसेंबरापर्यंत वीसेक जण खरोखर स्वतःचं पान स्वतः बदलायला लागले. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. खोटं कशाला बोलू? मी रोज त्या दारातून आत जाताना पायात पिशवी चढवायचे आणि मनात म्हणायचे, ही मीच शोधून काढली.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी सर निवृत्त झाले. हार, नारळ, भाषणं झाली. त्या दिवशी सगळीकडे एकच चर्चा होती, नव्व्याण्णवचं दोन हजार झाल्यावर संगणक चालतील का. साहेबांनी जाता जाता मला सांगितलं, “उद्या सकाळी येऊन बघून जा जरा.” म्हटलं, उद्या माझा ब्रेक आहे. “मग मोकळ्याच आहात की,” म्हणाले.

संध्याकाळी पाचला सर कक्षात आले, बुटांवर पिशव्या बांधून. माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर त्यांचा पासवर्ड होता. माझ्या टेबलाच्या काचेखाली तशीच दुसरी चिठ्ठी सरकवली.

मग खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, “कधीचं विचारायचं होतं. त्या पुण्याच्या नोकरीचं काय झालं? माझा शेरा उपयोगी पडला का?”

इतके महिने मला वाटत होतं की यांना कधीतरी सांगायचं. सगळं सांगायचं. मी त्यांच्या बुटांकडे बघितलं.

“पडला की सर,” मी म्हटलं. “पण आईवडिलांना सोडून जाववेना.”

“बघा,” ते खूश होऊन म्हणाले. “खरं लिहिलेलं वाया जात नाही.”

दाराशी स्टुलावर बसून त्यांनी दोन्ही पिशव्या सोडल्या, झटकल्या, घडी करून फळीवर ठेवल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी माझा नववा ब्रेक होता. मी सकाळी नऊला आले, पिशव्या चढवल्या आणि आत जाऊन संगणक सुरू केले. सगळे चालत होते.